जांभळ्या जीवाणूंतील इलेक्ट्रॉनचा प्रवास

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग आर्किया गटातील लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचा निष्कर्ष काढला. गुलाबी पाणी म्हटले की प्रकाशसंश्लेषण करणारे जांभळे जीवाणूही डोळ्यांसमोर येतात. परंतु हे दोन जीवगट निराळे आहेत. लवणप्रिय आर्कियांपैकी हॅलोबॅक्टेरियममध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन असते. प्रकाश पडताच ते प्रोटॉनला पेशीपटलाबाहेर ढकलते; इलेक्ट्रॉनची देवघेव त्यात होत नाही. जांभळ्या जीवाणूंचा सारा व्यवहार मात्र इलेक्ट्रॉनवर चालतो.

हे जीवाणू दुर्मीळ नाहीत. ऑक्सिजन नसलेला, पण प्रकाश पोहोचणारा गाळ त्यांना मानवतो. कौंडण्यपूरच्या वर्धेसारख्या नदीचा प्रवाह उन्हाळ्यात रोडावल्यावर मागे उरणारी डबकी याच प्रकारची. वनस्पतींना निरुपयोगी असणारा अवरक्त प्रकाश हे जीवाणू शोषतात. पाण्याचे विघटन ते करीत नाहीत, म्हणून ऑक्सिजनही बाहेर पडत नाही.

पेशीपटलातील वलयाकार प्रथिने प्रकाश गोळा करून त्याची ऊर्जा ‘अभिक्रिया केंद्र’ या प्रथिनाकडे पोहोचवतात. तेथे जीवाणु-हरितद्रव्याच्या दोन रेणूंची जोडी असते. ऊर्जा मिळताच या जोडीतून एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि सुमारे तीन पिकोसेकंदांत बॅक्टेरिओफिओफायटिन या शेजारच्या रंगद्रव्यावर जातो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. पुढे सुमारे दोनशे पिकोसेकंदांत तो पहिल्या क्विनोनवर आणि तेथून सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात दुसऱ्या क्विनोनवर पोहोचतो.

खरी खुबी आहे ती इलेक्ट्रॉन मागे न फिरण्यात. पहिल्या क्विनोनवरून मूळ जोडीकडे परतण्यास त्याला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. पुढची उडी त्याहून किती तरी पटींनी जलद असते. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा खर्ची पडते, पण त्या मोबदल्यात परतीची वाट बिकट होते. म्हणूनच केंद्रापर्यंत आलेला जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण कामी येतो. सौरघटांच्या संशोधकांना या केंद्राचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

या केंद्राची अणुपातळीवरील रचना जर्मनीतील योहान डायझेनहोफर, रॉबर्ट हूबर आणि हार्टमूट मिशेल यांनी उलगडली. पेशीपटलातील प्रथिनाचा इतका बारकाईचा नकाशा प्रथमच हाती आला होता. त्यासाठी तिघांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या नकाशाने एक कोडेही पुढे आणले. केंद्रात जवळजवळ एकसारख्या दोन वाटा दिसतात, तरी इलेक्ट्रॉन बहुतांशी एकीनेच जातो. भोवतालच्या अमिनो आम्लांतील लहानसहान फरकांमुळे दोन्ही वाटांवरील ऊर्जापातळ्या वेगळ्या होतात, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

दुसऱ्या क्विनोनला दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळाले की तो केंद्र सोडून सायटोक्रोम संकुलाकडे जातो. तेथे इलेक्ट्रॉन उतरतात, प्रोटॉन पटलापलीकडे जातात आणि त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. उतरलेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम नावाचे छोटे प्रथिन पुन्हा हरितद्रव्याच्या जोडीला आणून देते आणि ती पुढच्या प्रकाशकणासाठी सज्ज होते.