दस्तक आणि कारंटीन

परदेशीं जाणाऱ्या मनुष्याजवळ दोन प्रकारचे कागद असावे लागतात. एक, तो कोण आहे हें सांगणारा. आणि दुसरा, त्याच्या अंगीं अमुक रोग नाहीं असें सांगणारा. पहिल्याचा इतिहास पेशवाईंतील दस्तकें आणि राहदारीचे परवाने यांच्याही मागें नेतां येतो. दुसऱ्या कागदाकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. सन २०२० पासून दोन-तीन वर्षें साऱ्या जगास त्याची अकस्मात् गरज लागली. बहात्तर तासांच्या आंतील तपासणीचा निकाल, लशीच्या दोन मात्रांचें प्रमाणपत्र, विमानांत बसण्यापूर्वीं भरून द्यावयाचें प्रतिज्ञापत्र, अशी एक नवीच परिभाषा घरोघरीं रूढ झाली. आणि असा जाच मनुष्यजातीच्या वांट्यास पूर्वीं कधीं आलाच नव्हता, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली. वस्तुतः हा कागद कित्येक शतकांचा जुना आहे. तो कसा निपजला, आणि आमच्या मुंबईच्या नांवावर त्यानें एकदां काय करून दाखविलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं रगूसा नांवाचें एक लहानसें व्यापारी प्रजासत्ताक होतें. आज त्या शहरास डुब्रोव्हनिक म्हणतात. तेथील महासभेनें १३७७ सालच्या जुलै महिन्यांत असा ठराव केला कीं, महामारीनें ग्रासलेल्या प्रदेशांतून येणाऱ्यानें जवळच्या एका ओसाड बेटावर अगर शेजारच्या चाव्टाट गांवीं एक महिना काढल्यावांचून शहरांत पाऊल ठेवूं नये. व्यापारावर जगणाऱ्या गांवास वेशीचें दार कायमचें लावून घेणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून त्यानें तें उशिरां उघडण्याची युक्ति काढली. पुढें महिन्याचे चाळीस दिवस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द निघाला. आमच्या लोकांनीं प्लेगाच्या दिवसांत त्याचें ‘कारंटीन’ करून टाकलें, व तें रूप निदान आमच्या जिभेस तरी अधिक मानवतें. चाळीस हा आंकडा ख्रिस्ती लोकांच्या उपोषणकालाचा आहे. रोगाच्या मुदतीशीं त्याचा मेळ कोणी घालून पाहिलेला नव्हता.

व्हेनिसनें १४२३ सालीं आपल्या खाडींतील एका बेटावर यासाठीं कायमचें ठाणें बांधलें, आणि हळूहळू भूमध्यसमुद्राच्या सगळ्या बंदरांत एक शिस्त बसली. प्रत्येक जहाजाबरोबर तें जेथून निघालें त्या बंदराचा दाखला असे. बंदरांत रोग नसेल तर दाखला निर्मळ, वहीम असेल तर संशयित, आणि रोग असेल तर दूषित. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा दाखला मनुष्याविषयीं बोलत नसे. तो गांवाविषयीं बोले. खलाशी भीमासारखा धडधाकट असला, तरी त्याच्या गांवाची अपकीर्ति त्याच्याबरोबर जहाजावर चढलेलीच असे. तुरुंगांच्या सुधारणेसाठीं प्रसिद्ध झालेला इंग्रज गृहस्थ जॉन हॉवर्ड यानें हा प्रकार अंगावर घेऊन पाहण्याकरितां स्मिर्ना बंदरांत दूषित दाखल्याचें जहाज मुद्दाम शोधून काढलें, आणि त्यांत बसून तो व्हेनिसास जाऊन कारंटीनांत पडला. मिळालेली खोली इतकी घाणेरडी होती कीं तिच्या भिंतींस त्यानें स्वतः चुना देवविला. १७८९ सालीं छापलेल्या त्याच्या ग्रंथांत हें सर्व आलें आहे. अशा हौसेचीं माणसें थोडींच असतात, हें खरें!

कारंटीनाची थट्टा करणें सोपें आहे. परंतु मार्सेची हकीकत ज्यानें वाचली आहे तो ती सहसा करणार नाहीं. १७२० च्या मे महिन्यांत सीरियाच्या किनाऱ्याकडून ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ नांवाचें जहाज तेथें आलें. वाटेंत जहाजावरचे कित्येक लोक मेले होते, आणि इटलींतील लिव्होर्नो बंदरानें त्यास आंत घेतलें नव्हतें. जहाजांत रेशमाचा व सुताचा माल होता; तो बोकेअरच्या जत्रेपूर्वीं बाजारांत जावयास हवा होता; आणि मालाच्या धन्यांत शहराच्या कारभाऱ्यांपैकीं एक जण होता. नियमाप्रमाणें असला माल निर्जन बेटावर ठेवावयाचा, तो शहराच्या अंगच्या कोठारांत ठेवला गेला, व तेथून गुपचूप बाहेर पडला. नव्वद हजारांच्या त्या शहरांतील निम्म्याच्या जवळपास माणसें त्या साथींत गेलीं. कप्तानास तुरुंगांत टाकण्यांत आलें. कारभाऱ्याचें कांहीं फारसें बिघडलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत आगबोटी आल्या, सुएझचा कालवा झाला, आणि रोगही आगबोटीच्या वेगानें हिंडूं लागले. १८५१ सालीं पॅरिस येथें बारा राष्ट्रांचे प्रतिनिधि, प्रत्येकीं एक मुत्सद्दी व एक वैद्य, या प्रश्नाचा निकाल लावण्यास बसले. मुत्सद्दी मुत्सद्द्यासारखे बोलले, वैद्य वैद्यांसारखे भांडले, आणि निष्पन्न फारसें कांहीं झालें नाहीं. पुढच्या चाळीस वर्षांतील परिषदांचीही बहुतेक हीच कथा आहे. त्यांस खरा वेग आला तो मुंबईमुळें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात ओळखला. मुंबई हें एखादें खेडें नव्हतें. तिच्या धक्क्यावरून निघालेली बोट एडनला, जेद्दाला, झांजीबारला, मार्सेला जाई. चार-पांच महिन्यांतच, १८९७ च्या फेब्रुवारींत, युरोपांतील राष्ट्रें व्हेनिस येथें केवळ याच साथीसाठीं जमलीं. त्याच महिन्याच्या चौथ्या तारखेस हिंदुस्थानांत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि त्या वर्षीं मुंबईहून हजला जाण्याची मनाई झाली. देशांतल्या देशांत सुद्धां माणसास परकें व्हावें लागलें. मद्रास इलाख्यांत शिरणाऱ्या उतारूस ‘प्लेग-पासपोर्ट’ नांवाचा कागद मिळे, व तो घेऊन त्यानें दहा दिवस रोज अधिकाऱ्यापुढें हजर व्हावयाचें. पुण्यांत काय झालें आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याचें पर्यवसान कशांत झालें, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको.

आतां आमच्या मुख्य प्रकरणाकडे वळूं. १८९६ च्या नोव्हेंबरअखेर ‘कूरलँड’ आणि ‘नादरी’ या दोन आगबोटींनीं मुंबई सोडली. दोहोंवर मिळून सुमारें आठशें उतारू होते. त्यांतील अर्धेअधिक ट्रान्सवालकडे जाणारे होते, आणि पुष्कळ जण दक्षिण आफ्रिकेंतलेच जुने रहिवासी असून घरीं परतत होते. ‘कूरलँड’वर मोहनदास करमचंद गांधी नांवाचे सत्तावीस वर्षांचे एक बॅरिस्टर, त्यांच्या पत्नी कस्तुरबाई, दोन मुलगे आणि विधवा बहिणीचा मुलगा हीं होतीं. बोटी १८ डिसेंबरला दरबानपुढें आल्या. प्रवासांत दोन्ही बोटींवर प्लेगाचा एकही रोगी निघाला नव्हता. तथापि मुंबई दूषित बंदर ठरली होती. दरबानच्या वैद्यानें हिशेब केला कीं प्लेगाचें बीज अंगांत जास्तींत जास्त तेवीस दिवस दबून राहूं शकतें. म्हणून मुंबई सोडल्यास तेवीस दिवस होईपर्यंत, म्हणजे आणखी पांच दिवस, बोटींनीं बाहेरच थांबावें. येथवर तक्रारीस जागा नाहीं. मार्से आठवून पाहिलें तर असा हुकूम शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

परंतु पांच दिवस संपले आणि कारंटीन संपलें नाहीं. मुदत पुनः वाढली. इकडे गांवांत गोऱ्या रहिवाश्यांच्या सभा भरत होत्या. गांधींनीं हिंदुस्थानांत नाताळच्या गोऱ्यांची निंदा केली, आणि आतां दोन बोटी भरून माणसें आणून ते ही वसाहत बुडविणार, असा ओरडा झाला. उतारूंना निरोप जाऊं लागले कीं मुकाट्यानें परत जा, नाहीं तर समुद्रांत लोटूं; परत जाल तर भाड्याचे पैसेही मिळतील. सभांतून प्लेगाचें नांव निघे तें बाकीच्या गोष्टींस पुस्ती जोडण्यापुरतें. बोटीवर नाताळचा सण आला. कप्तानानें पहिल्या वर्गाच्या उतारूंस जेवण दिलें, आणि त्या प्रसंगीं गांधी पाश्चात्त्य संस्कृतीवर बोलले. हे गोरे आपल्या धमक्या खऱ्या करतील तर तुम्ही तुमच्या अहिंसेस कसे चिकटून राहाल, असें कप्तानानें त्यांस विचारल्याचें त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. आठशें माणसें, त्यांत बायका-मुलें, किनारा डोळ्यांपुढें दिसत असतां खोल पाण्यांत डोलत बसलीं होतीं. आणि आपण रोगाकरितां थांबलों आहों कीं रंगाकरितां, हें त्यांस कोणी सांगत नव्हतें.

उतरण्याची परवानगी मिळून १३ जानेवारी १८९७ रोजीं लोक धक्क्यास लागले. पांच दिवसांचें कारंटीन असें तीन आठवड्यांवर गेलें होतें. गांधींवर त्या दिवशीं रस्त्यांत जमावानें दगड, अंडीं व लाथा यांचा वर्षाव केला. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी आपली छत्री उघडून मध्यें उभ्या राहिल्या, म्हणूनच ते वांचले. हा प्रसंग प्रसिद्धच आहे. त्याच्या पाठोपाठ जें झालें तें तितकें प्रसिद्ध नाहीं, आणि माझ्या मतें तें अधिक महत्त्वाचें आहे. त्याच वर्षीं नाताळच्या कायदेमंडळानें जे कायदे केले त्यांत एक कारंटीनाचा होता, आणि दुसरा वसाहतींत येणाऱ्यांस निर्बंध घालणारा. या दुसऱ्या कायद्यांत हिंदी मनुष्याचें नांवसुद्धां नव्हतें. युरोपीय लिपींत स्वतः अर्ज लिहितां न येणारा, निष्कांचन, वेडा, आणि किळसवाणा अगर घातक संसर्गजन्य रोग असणारा, अशा सर्वांस मज्जाव होता. रोगी आणि निरक्षर एकाच यादींत बसले! पूर्वीं राहून गेलेल्या हिंदी मनुष्यास आपला रहिवास सिद्ध करणारा दाखला बाळगावा लागूं लागला. कोणत्याही जातीचें नांव न घेतां हवी ती जात बाहेर ठेवण्याची ही तऱ्हा वसाहतमंत्री चेंबर्लेन यांस पसंत पडली. त्यांनीं १८९७ सालींच ती इतर वसाहतींस सुचविली, आणि १९०१ सालीं ऑस्ट्रेलियानें लेखनाच्या परीक्षेच्या रूपानें ती उचलली. तेवीस दिवसांचा हिशेब अशा रीतीनें कायमचा झाला.

त्या हिशेबाचें पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. व्हेनिसच्या परिषदेनें प्लेगासाठीं दहा दिवस पुरे मानले. आजचें वैद्यक एक ते सात दिवस मानतें. उंदरावरील पिसवांतून रोग पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं येथेंच, हिंदुस्थानांत, दाखविलें. म्हणजे दरबानपुढें नांगरलेल्या बोटींवर ज्यांना कोंडून ठेवलें होतें त्या माणसांपेक्षां बोटींच्या तळघरांतील उंदरांकडे पाहणें अधिक शास्त्रीय झालें असतें. त्या काळीं हें ठाऊक नव्हतें, त्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो मुदत वाढविण्याचा.

जागतिक आरोग्यसंघटनेनें १९५१ सालीं जे नियम केले त्यांत म्हणूनच एक शहाणपणाची गोष्ट होती: परराष्ट्रीय प्रवाशाकडून कोणता कागद मागावा, एवढेंच त्यांत नव्हतें, याहून अधिक मागूं नये, हेंही होतें. देवी, पटकी व पीतज्वर यांचे दाखले पुष्कळ वर्षें चालले. देवी जगांतून गेल्याचें १९८० सालीं जाहीर झालें आणि तिचा दाखला गेला. पीतज्वराचा राहिला. आफ्रिकेंतील किंवा दक्षिण अमेरिकेंतील त्या रोगाच्या देशांतून हिंदुस्थानांत येणाऱ्यास लस टोंचून दहा दिवस झाल्याचें पिवळें पुस्तक दाखवावें लागतें. २०१६ पासून तें जन्मभर चालतें. या मागणीवर कोणी रागावत नाहीं, कारण तो रोग वाहणारा डांस आमच्याकडे आहे आणि रोग नाहीं, हें कारण ज्यास त्यास समजतें.

२०२१ सालीं मात्र कारणें इतकीं स्वच्छ राहिलीं नाहींत. पुण्यांत तयार झालेली कोविशील्ड ही ॲस्ट्राझेनेकाचीच लस; तरी त्या वर्षाच्या जुलैंत युरोपीय संघाच्या प्रवासपत्रांत तिचें नांव नव्हतें, आणि एकेक देशानें तिला आपापल्या परीनें मान्यता दिली. इंग्लंडनें सप्टेंबरांत लस मान्य केली, पण हिंदुस्थानचें प्रमाणपत्र मान्य केलें नाहीं; दोन्ही मात्रा घेतलेला हिंदी प्रवासी लस न घेतलेल्यासारखाच धरला जाई. प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नसते, येथपर्यंत चर्चा गेली, व ती तारीख घालण्याची सोय करण्यांत आली. हिंदुस्थाननें ४ ऑक्टोबरपासून इंग्लंडच्या प्रवाशांवर दहा दिवसांचें कारंटीन बसविलें, आणि ११ ऑक्टोबरपासून इंग्लंडनें आमचें प्रमाणपत्र स्वीकारलें. या एका आठवड्यांत विषाणूच्या स्वभावांत कांहीं बदल झाला होता असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि मग दक्षिण आफ्रिकेवरच पाळी आली. तेथील शास्त्रज्ञांनीं विषाणूचा एक नवा प्रकार ओळखला, आणि २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं तो जागतिक आरोग्यसंघटनेस कळविला. दोन दिवसांनीं त्यास ओमिक्रॉन असें नांव पडलें. ज्या दिवशीं नांव पडलें त्याच दिवसापासून इंग्लंडनें दक्षिण आफ्रिकेसह तिकडच्या सहा देशांतून येणाऱ्यांस दार बंद केलें. दुसऱ्या अनेक राष्ट्रांनीं तेंच केलें, आणि इंग्लंडची यादी लवकरच अकरा देशांची झाली. जुन्या काळीं दूषित दाखला लिहून देणाऱ्या बंदराच्या अधिकाऱ्यास जो पेंच पडत असेल तोच हा: खरें लिहावें तर व्यापार बुडतो, लपवावें तर शेजारी बुडतो. तिकडच्या शास्त्रज्ञांनीं खरें लिहिलें. पुढें हॉलंडांत जुने नमुने तपासले असतां तोच प्रकार १९ व २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत, म्हणजे दार लावण्याच्या आधींच घरांत, सांपडला. १५ डिसेंबरला इंग्लंडनें अकराही देशांचीं नांवें यादींतून काढलीं. तोंवर ओमिक्रॉन लंडनांत सर्वत्र पसरला होता.