चार भोकं आणि एक भिंत: टीव्ही वर कसा चढला

आजचा विषय तुमच्या घरात, अगदी तुमच्या डोळ्यांसमोर टांगलेला आहे. टांगलेला नसेल, तर नवीन टीव्हीच्या खोक्याशेजारी पडून असेल. भिंतीवरचा टीव्ही आणि त्याला धरून ठेवणारं ते लोखंडी ब्रॅकेट.

ब्रॅकेटच्या पाकिटावर काही आकडे असतात. २०० बाय २००. एम६. अमुक किलोपर्यंत. आपण ते न वाचताच पाकीट फोडतो आणि ड्रिलवाल्याला फोन लावतो. या प्रत्येक आकड्यामागे एक इतिहास आहे, आणि तो माहीत असला तर ब्रॅकेट निवडणं एकदम सोपं होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: दुकानात आपण टीव्हीसाठी ब्रॅकेट मागतो, पण ते निवडायचं असतं आपल्या भिंतीसाठी. का, ते ऐका.

खुंटी आणि कोनाडा

सुरुवात जुन्या घरापासून करू. वाड्याची भिंत दीड-दोन फूट जाडीची, विटा आणि मातीची. दिव्याला कोनाडा, पागोट्याला खुंटी, भांड्यांना फडताळ. या सगळ्या गोष्टी भिंत उभी राहतानाच तिच्यात बसवलेल्या असायच्या. गवंड्याला आधीच ठाऊक असायचं की इथे काहीतरी अडकणार आहे. खुंटी भिंतीत खोलवर रुतलेली, म्हणून ती वजन पेलायची.

आज उलटं आहे. भिंत आधी तयार होते, रंग लागतो, आपण राहायला जातो आणि मग कधीतरी दहा-पंधरा किलोची काच तिच्यावर लटकवायचं ठरवतो. त्या बिचाऱ्या भिंतीला कुणी विचारलेलंच नसतं!

डबा जमिनीवर का होता?

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. आणि १९८७-८८मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे. त्या काळातला टीव्ही म्हणजे खोकं. लाकडी, सरकत्या दारांचं, काही घरांत कुलूप लागणारंसुद्धा. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर फुलदाणी.

तो खोका इतका खोल का असायचा? आत काचेची मोठी पिक्चर ट्यूब होती. मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक. तिथून निघालेला झोत पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत वळवायचा, तर मागे तेवढं अंतर हवंच. पडदा जितका मोठा, तितकी ट्यूब खोल. शिवाय आत निर्वात पोकळी, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब सोसायला काच जाडच हवी. २१ इंची टीव्ही सहज वीस किलोच्या वर जायचा.

तरीही तो भिंतीवर चढलाच होता बरं का. एसटी स्टँड, हॉस्पिटलचा वॉर्ड, सलून, खानावळ आठवा. कोपऱ्यात छताजवळ अँगलचा जाड सांगाडा आणि त्यात बसवलेला टीव्ही. उंचावर, कारण उभ्या माणसांनाही दिसायला हवा आणि कुणी बटणं फिरवायला नको. आपल्याकडचा पहिला 'वॉल माउंट' हाच. ही उंची लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

भिंतीवरच्या चित्राचं स्वप्न

चपट्या पडद्याची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९६४मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा बनवला. हेतू टीव्हीचा नव्हताच. त्यांना 'प्लेटो' नावाच्या, संगणकावर शिकवणाऱ्या यंत्रणेसाठी पडदा हवा होता. चार वर्षांनी, १९६८मध्ये, आरसीए कंपनीने जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाचा लिक्विड क्रिस्टल पडदा पत्रकारांना दाखवला. भिंतीवर टांगायचा टीव्ही हे त्यामागचं उघड स्वप्न होतं. पण आरसीएचा धंदा ट्यूबवर चालत होता, आणि कंपनीने त्या स्वप्नाचा पाठपुरावा केला नाही.

तो केला जपानने, आणि तोही कॅल्क्युलेटरपासून. शार्पने १९७३मध्ये एलसीडी कॅल्क्युलेटर आणला. १९८८मध्ये १४ इंची रंगीत पडदा करून दाखवला आणि १९९१मध्ये भिंतीवर टांगायचा एलसीडी टीव्ही विकायला ठेवला. आकार किती? ८.६ इंच. आजच्या टॅबलेटपेक्षाही लहान! मग १९९७च्या सुमारास ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही बाजारात आले. फिलिप्सच्या सेटची अमेरिकेतली किंमत होती सुमारे १५ हजार डॉलर.

चार भोकं

टीव्ही चपटा झाला. आता त्याला मागून पकडायचं कुठे? प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने भोकं ठेवू लागली, तर ब्रॅकेटही त्याच कंपनीचं घ्यावं लागणार. फोनचे चार्जर आठवा, पूर्वी प्रत्येकाची पिन वेगळी होती. तसलाच गोंधळ.

इथे येते वेसा. ही पडदे आणि व्हिडिओ यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना, १९८९मध्ये स्थापन झालेली. तिने १९९७मध्ये एक प्रमाण ठरवलं: मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं, चौकोनात, ठरलेल्या अंतरावर. ७५ किंवा १०० मिलिमीटर. ऑफिसातला मॉनिटर उलटा करून बघा, ती चार भोकं आजही तिथेच आहेत. पुढे पडदे वाढले तसं प्रमाणही वाढलं: २०० बाय २००, ४०० बाय ४०० वगैरे.

म्हणजे पाकिटावरचं २०० बाय २०० एवढंच सांगतं की दोन भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर २० सेंटिमीटर आहे. टीव्ही किती इंची आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. एकाच इंचाच्या दोन टीव्हींची भोकं वेगळी असू शकतात. त्यामुळे पट्टी घ्या आणि मोजा. एम४, एम६, एम८ म्हणजे स्क्रूचा व्यास मिलिमीटरमध्ये. लहान पडद्यांना बहुधा एम४, मोठ्यांना एम६ किंवा एम८. लांबीही बघायची. स्क्रू आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवरच टीव्ही लटकतो, फार लांब असेल तर आतल्या पॅनेलला भिडतो. हाताने फिरवताना अडला तर जोर लावू नका.

टीव्ही आणि ब्रॅकेटमधलं नातं वेसाने पक्कं करून टाकलं. पण ब्रॅकेट आणि भिंत यांच्यातलं? तिथे कुणाचंही प्रमाण चालत नाही, कारण प्रत्येकाची भिंत वेगळी.

हा 'रावल' कोण?

हार्डवेअरच्या दुकानात आपण 'रावल प्लग' मागतो. कुणी गिट्टी म्हणतं. ऐकून वाटतं, कुणी रावलशेठ असतील. हे मूळचे लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज, बांधकाम कंत्राटदार. त्या काळी भिंतीत स्क्रू बसवायचा तर छिन्नीने चांगला मोठा खड्डा करायचा, त्यात लाकडाचा ठोकळा ठोकायचा आणि ठोकळ्यात स्क्रू. रॉलिंग्जना ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची फिटिंग करायची होती, भिंतींची नासाडी न करता. त्यांनी ताग आणि सरस वापरून छोटी नळी बनवली. भोक लहान, नळी आत, स्क्रू फिरवला की नळी फुगून भिंतीला घट्ट धरते. १९११ची ही कल्पना, आणि त्यांचं नाव आपल्या नाक्यावरच्या दुकानापर्यंत पोचलं.

१९५८मध्ये जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी तीच गोष्ट नायलॉनमध्ये केली. दोन फाकणारे भाग आणि बाजूला भोकात फिरू न देणारे पंख. आज आपण वापरतो तो प्लास्टिकचा प्लग त्याच कुळातला. फिशर यांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंट होती.

पण दोघांचीही कल्पना एका गृहीतावर उभी आहे. प्लग फुगतो, आणि भोवतालची भिंत त्याला दाबून धरते. भिंत भुसभुशीत असेल तर प्लग फुगून करणार काय?

भिंतच बदलली

लाल विटेची भिंत असेल तर काम सोपं, फक्त प्लग गिलाव्यात न राहता विटेत जायला हवा. गिलावाच दीड-दोन सेंटिमीटरचा असतो, म्हणजे आखूड प्लग निम्मा त्यातच संपतो. दोन विटांच्या सांध्यात भोक पडलं तर जागा थोडी सरकवा.

नव्या इमारतींत मात्र वीट क्वचित. तिथे असतात हलके पांढरट ब्लॉक, एएसी. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये आक्सेल एरिक्सन यांनी हे तंत्र शोधलं. सिमेंट-चुन्याच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी टाकली की वायू तयार होतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं, मग ते वाफेवर पक्कं करायचं. पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने असे ब्लॉक सिपोरेक्स नावाने बनवले, म्हणून आपल्याकडचे जुने गवंडी आजही त्याला सिपोरेक्सच म्हणतात. ब्लॉक हलका, घर थंड, बांधकाम झटपट. पण ढोकळ्यात खिळा ठोकून बघा! इथे साधा प्लग काही दिवस धरतो आणि मग हळूहळू भोक मोठं होत जातं. एएसीसाठी खास, लांब आणि रुंद पकडीचे प्लग मिळतात. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं.

काही टॉवरमध्ये 'मायवान' पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. पकड उत्तम, पण भोक पाडायला रोटरी हॅमर लागतो. आत सळई लागली तर ती कापत बसू नका, जागा बदला. आणि जिप्सम बोर्डचं पार्टिशन असेल तर वजन बोर्डवर द्यायचंच नाही. मागची धातूची चौकट शोधा, किंवा मागे जाड प्लायवूड बसवून घ्या.

भिंत ओळखायची कशी? भोकातून पडणारी भुकटी बघा. लाल म्हणजे वीट, पांढरी आणि मऊ म्हणजे एएसी किंवा जिप्सम, राखाडी आणि ड्रिल रडतंय म्हणजे काँक्रीट. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल मारू नका. आतून वायर गेलेली असण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त.

हात लांब केला की...

आता ब्रॅकेटचा प्रकार. भिंतीला चिकटून बसणारं, थोडं झुकणारं आणि हातासारखं बाहेर येऊन वळणारं. शेवटचं सगळ्यांना आवडतं. त्याआधी एक हिशेब करू.

पाण्याची बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. बादली तीच, खांदा मात्र ओरडतो. टीव्ही १५ किलोचा, ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर. टीव्ही भिंतीपासून ४ सेंटिमीटरवर असेल, तर वरचे बोल्ट बाहेर खेचणारा जोर होतो १५ गुणिले ४ भागिले २०, म्हणजे ३ किलोचा. तोच टीव्ही ४० सेंटिमीटर बाहेर ओढला की ३० किलोचा. दहापट! टीव्ही तेवढाच, ब्रॅकेटही मजबूत, पण प्लगवरचा ताण दहापट. एएसीच्या भिंतीवर लांब हाताचं ब्रॅकेट लावण्याआधी हा आकडा आठवा. पाकिटावरचे किलो हे लोखंडाची ताकद सांगतात, तुमच्या भिंतीची नाही.

उंचीची जुनी सवय

एसटी स्टँडवरची उंची आता परत येते. आपल्याकडे टीव्ही फार वर लावतात. स्टँडवर लोक उभे असायचे, घरात आपण सोफ्यावर बसतो. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात, पडद्याचा मध्य तिथेच हवा. जमिनीवर गादी टाकून बघणारं घर असेल तर आणखी खाली. टीव्हीमागची भोकं पडद्याच्या बरोबर मध्यात असतीलच असं नाही, म्हणून आधी भिंतीवर पडद्याच्या मापाचा कागद चिकटवा, दोन दिवस बघा, मग ड्रिल. अंतराचं म्हणाल तर कर्णाच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त: ४३ इंचीला पावणेसहा फूट, ५५ इंचीला सव्वासात फूट.

एवढा खटाटोप कशाला? जुना खोका जड होता, सहसा जागचा हलायचा नाही. आजचा टीव्ही पातळ, उंच आणि दोन बारीक पायांवर उभा. रांगतं मूल पडद्याला धरून उभं राहायला गेलं की तो पुढे येतो. लहान मूल असलेल्या घरात भिंतीवरचा टीव्ही जास्त सुरक्षित, पण त्याचे प्लग योग्य भिंतीत योग्य तऱ्हेने बसलेले असतील तरच. नाहीतर तोच धोका आपण आणखी उंचावर नेऊन ठेवला.

तर पुढच्या वेळी क्रम असा: आधी भिंत ओळखा, मग प्लग, मग ब्रॅकेटचा प्रकार, सगळ्यात शेवटी वेसाचा आकडा. आपण नेमकं उलटं करतो. भाड्याचं घर असेल तर ड्रिलआधी घरमालकाला एक फोनही करा.

वाड्यातल्या गवंड्याला खुंटी कुठे येणार ते माहीत असायचं. आपल्याला ते नंतर शोधावं लागतं, एवढाच फरक. आज घरी गेल्यावर टीव्हीमागची भिंत जरा वाजवून बघा, आणि कुठली निघाली ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!