ट्रेलर ओढण्याची चालक-अनुज्ञप्ती

ट्रेलर ओढण्याची चालक-अनुज्ञप्ती : स्वतःचे एंजिन नसलेले वाहन (ट्रेलर) मोटारवाहनामागे जोडून ते सार्वजनिक रस्त्यावरून ओढून नेण्यासाठी चालकास लागणारी शासनाची अनुज्ञा. काही देशांत ती मूळ अनुज्ञप्तीला पुरवणी म्हणून स्वतंत्र परीक्षेनंतर दिली जाते, तर काही देशांत ओढणाऱ्या वाहनाच्या अनुज्ञप्तीतच ती अंतर्भूत मानली जाते. भारत दुसऱ्या गटात मोडतो.

ट्रेलर पूर्णपणे स्वतःच्या चाकांवर उभा असतो. ज्याच्या पुढील भागाचा भार ओढणाऱ्या वाहनावरच टेकलेला असतो, त्यास अर्ध-ट्रेलर म्हणतात व अशा संयुक्त वाहनास जोडवाहन (आर्टिक्युलेटेड) ही संज्ञा आहे. दोन्ही प्रकारांत सांधा फिरता असल्याने चालनाचे तंत्र बदलते. मागे घेताना सुकाणूचक्र ज्या बाजूस वळवावे, त्याच्या विरुद्ध बाजूस ट्रेलरचे तोंड फिरते. वळणावर ट्रेलरची चाके पुढील वाहनाच्या चाकोरीतून न जाता आतल्या बाजूने कापत जातात. त्यामुळे वळणाच्या आतील अंगास असलेला सायकलस्वार वा पादचारी त्यांच्या मार्गात येऊ शकतो. उतारावर पुढील वाहनाला जोराचा गतिरोध लावल्यास मागील वजनाचा रेटा पुढील वाहनास आडवे फिरवितो आणि दोन्ही भाग मिटलेल्या चाकूप्रमाणे एकमेकांवर येतात. भार ट्रेलरच्या मागील भागात अधिक असल्यास वेग वाढताच ट्रेलर दोन्ही बाजूंना झोले खाऊ लागतो. ही कौशल्ये साध्या मोटारीच्या परीक्षेत तपासली जात नाहीत. स्वतंत्र अनुज्ञप्तीचा मूळ आधार हाच आहे.

इतिहास : ओढल्या जाणाऱ्या वाहनांविषयीचे नियम मोटारगाडीपेक्षा जुने आहेत. ब्रिटनमधील १८६५ च्या कायद्यान्वये रस्त्यावरील वाफेच्या एंजिनासोबत किमान तीन माणसे असणे आवश्यक होते. एंजिनामागे दोनांपेक्षा अधिक गाड्या जोडल्यास त्या गाड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आणखी एक माणूस नेमावा लागे. १८९६ च्या कायद्याने ३ टनांहून कमी वजनाच्या गाड्यांना ह्या जाचातून मुक्त केले. मात्र एकापेक्षा अधिक वाहने न ओढणाऱ्या आणि ओढलेल्या वाहनासह रिकामे वजन ४ टनांच्या आत ठेवणाऱ्या गाडीलाच ही सवलत होती. येथवर नियंत्रण वाहनावर होते, चालकावर नव्हते. १९०३ च्या मोटारगाडी कायद्याने चालकास अनुज्ञप्ती सक्तीची केली. परंतु पाच शिलिंग भरले की ती मिळत असे, परीक्षा नव्हती. चालन-परीक्षा १ जून १९३५ पासून अनिवार्य झाली.

ट्रेलरला आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र स्थान मिळाले ते १९४९ च्या जिनीव्हा रस्ते-वाहतूक करारात. त्यात ७५० किग्रॅ. पर्यंतच्या महत्तम अनुज्ञात वजनाचा ट्रेलर ‘हलका’ ठरविण्यात आला आणि त्याहून जड ट्रेलर ओढण्यासाठी ‘ई’ हा वेगळा वर्ग निर्माण झाला. १९६८ च्या व्हिएन्ना करारातही ‘ई’ वर्ग कायम राहिला. यूरोपीय समुदायाच्या १९९१ च्या आदेशाने तो सदस्य देशांत रूढ झाला.

ब्रिटनने हा आदेश १ जानेवारी १९९७ पासून अंमलात आणला. त्या तारखेनंतर मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चालकास ७५० किग्रॅ. पेक्षा जड ट्रेलर ओढण्यासाठी, काही मर्यादित अपवाद सोडता, वेगळी परीक्षा द्यावी लागे. त्यापूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना मात्र वाहन व ट्रेलर मिळून ८,२५० किग्रॅ. पर्यंतचा हक्क कायम राहिला. परिणामी एकाच वजनाचा ट्रेलर पित्यास विनापरीक्षा ओढता येई, पण पुत्रास नाही. २०२१ मध्ये मालमोटार-चालकांचा तुटवडा भासू लागला, तेव्हा परीक्षकांचा वेळ मालमोटारींच्या परीक्षांसाठी मोकळा करावा म्हणून ही परीक्षा ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द करण्यात आली. तेव्हापासून मोटारीच्या अनुज्ञप्तीवर ३,५०० किग्रॅ. पर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. अवजड मालमोटारीमागील ट्रेलरसाठी मात्र स्वतंत्र वर्ग आजही आवश्यक आहे. सुरक्षिततेसाठी आणलेले बंधन मनुष्यबळाच्या अडचणीमुळे शिथिल झाले, हे ह्या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

भारतातील कायदा : ब्रिटिश अंमलात १९१४ च्या मोटारवाहन कायद्याने चालक-अनुज्ञप्ती देशभर लागू झाली. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. त्यातील तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले आणि चालकाची अनुज्ञप्ती विधिग्राह्य आहे की नाही, ह्या प्रश्नाला आर्थिक महत्त्व प्राप्त झाले. कारण तीवर विमा-कंपनीचे दायित्व अवलंबून राहू लागले.

विद्यमान १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतःच एक मोटारवाहन असून त्याची नोंदणी करावी लागते. तथापि अनुज्ञप्तीचे वर्ग सांगणाऱ्या कलम १० मध्ये ट्रेलरचा उल्लेख नाही. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने मध्यम व अवजड वाहनांचे चार वर्ग एकत्र करून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग केला आणि हलक्या मोटारवाहनाची मर्यादा ६,००० वरून ७,५०० किग्रॅ. केली. परिवहन वाहनासाठी चालकाचे वय २० वर्षे पूर्ण असावे लागते व शिकाऊ अनुज्ञप्तीपूर्वी हलके वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष धारण केलेली असावी लागते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत ही मर्यादा रिकाम्या वजनावर मोजली जाते. शेतीचा ट्रॅक्टर त्यामुळे हलके मोटारवाहन ठरतो. नियमांनी त्यास बिगर-परिवहन वाहनही म्हटले आहे. परंतु त्यामागे जोडलेल्या भरल्या ट्रॉलीचे वजन ह्या हिशेबात येत नाही. महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर साखर कारखान्यांच्या वाटेवर सर्रास दिसतात. अशा चालकापाशी केवळ ट्रॅक्टरची अनुज्ञप्ती असताना अपघात घडल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला.

न्यायनिर्णय : नागशेट्टी खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ट्रॅक्टर चालविण्याची विधिग्राह्य अनुज्ञप्ती असलेला चालक केवळ मालाने भरलेला ट्रेलर जोडला म्हणून अपात्र ठरत नाही, विमा-कंपनीस भरपाई द्यावीच लागेल. उलट नटवर पारिख खटल्यात (२००५) ट्रॅक्टर व ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होते व त्यास परवाना लागतो, असे त्याच न्यायालयाने म्हटले. एक निर्णय चालकाच्या अनुज्ञप्तीचा व दुसरा वाहनाच्या परवान्याचा असल्याने दोहोंत थेट विरोध नाही. पण एकच जोडणी एका कारणासाठी शेतीची आणि दुसऱ्यासाठी व्यापारी ठरते, हे खरे. दरम्यान स्वरणसिंग खटल्यात (२००४) अनुज्ञप्तीतील दोषाचा भार अपघातग्रस्तावर पडू नये म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी व योग्य प्रकरणी मालकाकडून ती वसूल करावी, हे तत्त्व दृढ झाले.

मुकुंद देवांगन खटल्यात (२०१७) तीन न्यायाधीशांनी ७,५०० किग्रॅ. पर्यंतचे परिवहन वाहन चालविण्यास हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी मानली. ह्या मताचा फेरविचार होऊन रंभादेवी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तेच कायम केले. अशा चालकांमुळे अपघात वाढल्याचा आकडेवारीचा पुरावा पुढे आलेला नाही, हेही पीठाने नोंदविले.

ह्या निर्णयांनी अपघातग्रस्त कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला. मात्र त्यांनी सोडविलेला प्रश्न भरपाईचा आहे, कौशल्याचा नव्हे. भरलेली ट्रॉली घाटात आवरण्याचे वा मागे घेण्याचे शिक्षण चालकास कोणी द्यावे, ह्याचे उत्तर न्यायालयाने नव्हे, तर विधिमंडळाने व परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने द्यावयाचे आहे.