माइकांच्या जंगलाची कुळकथा

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं ‘डार्क स्टार’ हे गाणं 1968 साली छोट्या तबकडीवर आलं. तबकडीवर ते तीन मिनिटांच्या आत संपतं. 27 ऑगस्ट 1972 रोजी ओरेगन राज्यातल्या व्हेनिटा गावी मोकळ्या मैदानात हाच बँड तेच गाणं अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाजवत राहिला. तबकडी विकत घेणाऱ्याच्या पदरात यातलं काहीच पडलं नाही. जे होतं ते तिथे हजर असलेल्यांचं. कार्यक्रमाला जाताना टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून नेण्याची डेडच्या चाहत्यांची चाल अशा फरकातून जन्माला आली.

1965 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा बँड आज काय वाजवायचं हे सहसा मंचावर गेल्यावरच ठरवायचा. एक गाणं दुसऱ्यात विरघळायचं, मधली वाट दर वेळी नवी. ड्रमवादक मिकी हार्ट तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला होता, आणि अकरा मात्रांच्या चालीचं ‘द इलेव्हन’ हे गाणं बँड सहज वाजवायचा. पुढे 1976 मध्ये हार्ट आणि झाकीर हुसेन यांचा ‘दिगा’ हा अल्बमही आला. काल ऐकलेला यमन आज पुन्हा ऐकायला जाणाऱ्या मराठी रसिकाला डेडहेड, म्हणजे या बँडमागे गावोगाव फिरणारे चाहते, वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पण फिरून फिरून किती फिरणार? तीस वर्षांत बँडचे सुमारे 2,300 कार्यक्रम झाले. जिथे आपण नव्हतो ती रात्र कशी रंगली, हे ऐकायची तहान टेपच भागवू शकत होती. सुरुवातीला यंत्रं लपवून आत न्यावी लागत. 1971 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लेस किपेल या चाहत्याने टेपांची मोफत देवाणघेवाण करणारं मंडळ सुरू केलं. त्यातूनच 1974 मध्ये ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक निघालं. पुढे ते ‘रेलिक्स’ नावाने रॉक संगीताचं मोठं नियतकालिक झालं.

या व्यवहाराचा एक नियम कडक होता: टेप विकायची नाही. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काही नाही, त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. समोरचा रेकॉर्ड करून देणार. एका अनोळखी माणसासाठी कोणीतरी रात्री बसून तीन तासांचा कार्यक्रम उतरवून काढायचा, तेही फुकट. या प्रथेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

हुन्नरही त्यातूनच घडला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, तेव्हा गाणं कुठे थांबेल आणि कॅसेट कधी उलटायची याचा अंदाज हवा. मूळ टेपवरून प्रत, त्या प्रतीवरून दुसरी, अशी पिढी वाढली की खरखर वाढते, म्हणून प्रत्येक टेपची पिढी विचारली जायची. आणि माइक उंच हवा, नाहीतर शेजाऱ्याच्या टाळ्याच जास्त ऐकू येतात.

हे उंच माइकच अडचणीचे ठरले. दांड्यांचं एवढं जंगल माजलं, की मागच्यांना मंच दिसेना आणि ध्वनियोजनेच्या टेबलाजवळची जागाही अडू लागली. बहुतेक बँडनी अशा वेळी सरळ बंदी घातली असती. डेडने 27 ऑक्टोबर 1984 रोजी बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये टेपरांसाठी, म्हणजे टेप करणाऱ्या चाहत्यांसाठी, वेगळी तिकिटं काढली आणि त्यांना ध्वनियोजनेच्या टेबलामागे स्वतंत्र जागा दिली. रॉकच्या इतिहासातला हा फार मोठ्या मनाचा निर्णय होता. तो शहाणपणाचाही होता. या बँडची खरी कमाई तबकड्यांची नव्हती, तिकिटांची होती, आणि टेप ऐकलेला माणूस तिकीट काढायला येत होता. बँडचे एक गीतकार जॉन पेरी बार्लो यांनी 1994 मध्ये ‘वायर्ड’ मासिकात हाच मुद्दा इंटरनेटच्या काळासाठी मांडला.

बँडची स्वतःची ध्वनिमुद्रणंही होती. त्यांतली अप्रतिम म्हणून गाजलेली बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांची. 1986 मध्ये गोदामाचं भाडं थकल्याने त्यांच्या टेपांचा लिलाव झाला आणि पुढे प्रती चाहत्यांत पसरल्या. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला 8 मे 1977 चा कार्यक्रम बेटींनीच ध्वनिमुद्रित केला होता. वर्षानुवर्षं तो हातोहात फिरत राहिला, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2011 च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत त्याला स्थान दिलं, आणि बँडकडून अधिकृत अल्बम आला तो थेट 2017 मध्ये.

गिटारवादक जेरी गार्सिया ऑगस्ट 1995 मध्ये गेला, बँड थांबला, टेपा मात्र कॅसेटमधून निघून ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर पोचल्या. नोव्हेंबर 2005 मध्ये तिथून त्या उतरवून घेणं अचानक बंद झालं. चाहते खवळले. काही दिवसांतच तोडगा निघाला: ध्वनियोजनेच्या टेबलावरची ध्वनिमुद्रणं फक्त तिथल्या तिथे ऐकायची, प्रेक्षकांतून, उंच दांड्यांवरच्या माइकांनी टिपलेली मात्र कुणीही घरी न्यावीत.