पवित्र मासा आणि नवी होडी

परळी वैजनाथहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी जवळजवळ ४०० किलोमीटर दूर आहे. येथील आठवडी बाजारात दर्याची आठवण होते ती सुक्या बोंबलांचे ढीग पाहून. नोकरीनिमित्त आयुष्याची तीस वर्षे मी या गावी काढली. वसईच्या कोळीवाड्यातील माझे बालमित्र त्यामुळे मला ‘डोंगरातला कोळी’ म्हणून चिडवीत असत. त्यांच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी कर्ज काढून नवी होडी बांधली, तेव्हा मी मुद्दाम रजा घेऊन गेलो. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून होडीवर पवित्र पाणी शिंपडले, मुलांना पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खलाशांबरोबर आम्ही चार जुने मित्रही दर्यावर निघालो.

जाळे वर आले तेव्हा बोंबील आणि मांदेली यांच्या गर्दीत एक चपटा, तपकिरी मासा पडलेला दिसला. तोंड मोठे, दात तीक्ष्ण आणि दोन्ही डोळे एकाच अंगाला. “भाकस!” तांडेल म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. या भाकसाला इंग्रजी पुस्तकांत ‘इंडियन हॅलिबट’ म्हणतात, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. आणि त्या एका शब्दाच्या मागे लागून मी जे वाचीत गेलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

हॅलिबट या शब्दाचा अर्थच मुळी ‘पवित्र मासा’ असा आहे. जुन्या इंग्रजीत ‘हॅली’ म्हणजे पवित्र आणि ‘बट’ म्हणजे चपटा मासा. जर्मन भाषेतील ‘हाइलबुट’ हे नावही त्याच घडणीचे आहे. मध्ययुगीन युरोपात शुक्रवारी, उपवासकाळात आणि अनेक सणांच्या पूर्वदिनी मांस वर्ज्य असे. अशा पवित्र दिवशी ताटात येणारा मासा म्हणून त्याला हे नाव पडले. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताच्या नियमांची फेरमांडणी करीपर्यंत जगभरच्या कॅथलिक घरांत शुक्रवारचा हा नियम कसोशीने पाळला जात होता. (आमच्या कोळीवाड्यात शुक्रवारी मासळी खाण्यात त्याग तो कसला, असा प्रश्न मला लहानपणी पडे, तो मी कोणाला विचारला मात्र नाही.)

उत्तर अटलांटिकचा हॅलिबट आमच्या भाकसासारखा हातभर नसतो. पूर्ण वाढलेला मासा माणसाहून लांब आणि २०० किलोंहून अधिक वजनाचाही होतो. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा तो इतर माशांसारखाच उभा पोहतो आणि त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. पुढे एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूस जातो आणि मासा तळाशी आडवा होतो. भाकसाचा सरकणारा डोळा मात्र डोक्याच्या कडेपाशीच थांबतो. म्हणून चपट्या माशांच्या कुळात तो सर्वांत आदिम मानला जातो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्लॉस्टर बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हॅलिबटला कोणी विचारीत नसे. कॉड मासळीच्या गळाला तो लागला म्हणजे ती कटकट वाटे. १८३० नंतर शहरांतून त्याला मागणी आली, नवी जलद गलबते बांधली गेली आणि १८५० च्या सुमारास जॉर्जेस बँक या उथळ समुद्रातील हॅलिबट जवळजवळ संपला. अवघ्या वीस वर्षांत! मग गलबते अधिक खोल पाण्यात, पुढे ग्रीनलंड व आइसलंडपर्यंत गेली. याच ग्लॉस्टरमध्ये पोर्तुगालच्या अझोर्स बेटांतून आलेल्या कॅथलिक कोळ्यांनी ‘सुखरूप प्रवासाची माता’ या नावाचे मंदिर उभारले. तेथील पवित्र मरियेच्या पुतळ्याच्या एका हातावर शिडाचे गलबत आहे. उत्तनला ‘अवर लेडी ऑफ द सी’ चर्च असलेल्या आपल्या लोकांना त्या पुतळ्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. समुद्रावर गेलेला माणूस परत यावा, एवढेच ते मागणे. मासा परत यावा असे मागण्याची गरज तोवर कोणालाच वाटली नव्हती.

पुढे रेल्वे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास पोहोचली. १८८८ साली ‘ऑस्कर अँड हॅटी’ या गलबताने टाकोमा बंदरात हॅलिबट उतरविला. तो बर्फात घालून पूर्वेच्या शहरांकडे रवाना झाला आणि पॅसिफिकमध्ये तीच कथा पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मासळी घटू लागल्यावर मात्र वेगळे घडले. हिवाळ्यात हॅलिबट अंडी घालतो, त्या काळात सर्वांनीच होड्या बंद ठेवाव्यात, अशी मागणी खुद्द मच्छीमारांतून पुढे आली. एका देशाने बंदी घालून भागणारे नव्हते, कारण मासा सीमा जाणत नाही. २ मार्च १९२३ रोजी वॉशिंग्टन येथे कॅनडा व अमेरिका यांनी करार केला. ब्रिटिश राजदूताच्या सहीवाचून कॅनडाने स्वतः केलेला हा पहिला करार होय. एका देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटचालीत माशाचे नाव असे कोरले गेले.

हिवाळी बंदी आली, आयोग नेमला गेला, माशांना खुणेच्या पट्ट्या लावून त्यांचा प्रवास अभ्यासला गेला. पण माणसाची घाई कायद्यालाही वळसा घालते. होड्या वाढत गेल्या, तसे मासेमारीचे दिवस कमी करावे लागले. १९९० च्या सुमारास अलास्कात अनेक ठिकाणी वर्षभरातील मासेमारी चोवीस तासांच्या दोन-तीन पाळ्यांत उरकली जाई. त्या दिवशी वादळ असले तरी कोळी निघे. न निघाला तर वर्षाची कमाई बुडे. १९९५ पासून प्रत्येकाला ठरावीक वाटा देण्यात आला आणि ही जीवघेणी शर्यत थांबली. परंतु हे वाटे विकता-विकत घेता येत असल्याने नव्या मुलाला होडी घेऊन धंद्यात शिरणे कठीण झाले. हा उपाय निर्दोष आहे असे मला म्हणवत नाही.

आपल्याकडे होड्यांना यंत्रे बसू लागली ती १९५० च्या दशकात. त्यामागून ट्रॉलर आले, कोळंबीची निर्यात वाढली, आणि लहान-मोठ्यांचे तंटे सुरू झाले. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पूर्वी खवळलेला दर्या आणि नारळी पौर्णिमेची रीत हे काम आपोआप करीत. शिडाच्या होडीला पावसाळ्यात निघणेच अशक्य होते. २०२३ साली पापलेट हा राज्यमासा ठरला. ज्या पापलेटासाठी सातपाटीचे नाव घेतले जाते, त्याचीच पिले बारीक आसाच्या जाळ्यांत येतात, आणि यात दोष केवळ ट्रॉलरवाल्यांचा नाही. आमची पारंपरिक डोलही पिलांना सोडीत नाही.

परळीत राहून हे वाचताना मला वारंवार फेब्रुवारी २०१३ आठवे. दुष्काळाने पाणी संपले आणि येथील औष्णिक विद्युत केंद्राचे सर्व संच बंद पडले. यंत्रे धडधाकट, कोळसाही होता. पाणी तेवढे नव्हते. गावाची नेहमीची घरघर थांबल्यावर रात्री झोप येईना.

त्या दिवशी नव्या होडीवर शेवटचे जाळे ओढले तेव्हा त्यात तळहाताएवढी दहा-बारा पापलेटे होती. दोन तडफडत होती. मित्राने त्यांतले एक उचलून क्षणभर समुद्राकडे पाहिले. “दहा तारखेला हप्ता आहे रे,” तो म्हणाला आणि मासा टोपलीत टाकला. मी काही बोललो नाही. हप्ता मला भरावयाचा नव्हता. भाकस त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. परळीपर्यंत तो टिकणार नाही, म्हणून त्याच रात्री त्याच्या आईने त्याचे कालवण केले.