वेशीवरचा कागद

परदेशीं जावयाचें म्हटलें म्हणजे आज प्रथम कागदपत्रांची जुळवाजुळव करावी लागते. मुलगा उच्च शिक्षणासाठीं निघालेला असो किंवा आईबाप लेकीच्या बाळंतपणासाठीं सातासमुद्रांपलीकडे निघालेले असोत. पासपोर्ट, व्हिसा, बँकेचा दाखला, परतीचें तिकीट, यजमानाचें पत्र ह्यांवांचून पाऊल पुढें पडत नाहीं. हें सारें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, पासपोर्ट हा फार प्राचीन काळापासून असाच चालत आला असावा, असें कोणासहि वाटावें. वस्तुतः सर्व प्रवाशांस सरसकट लागू असलेली ही पद्धति जेमतेम शंभर वर्षांची आहे. आणि ती कशी जन्मास आली, ह्या कथेंत हिंदी माणसांचा वाटा फार मोठा आहे.

कागद दाखवून वेस ओलांडावयाची ही कल्पना मात्र जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘मुद्राध्यक्ष’ नांवाच्या अधिकाऱ्याचें प्रकरणच आहे. एक माषक घेऊन त्यानें प्रवाशास मुद्रा द्यावी; तिच्यावांचून कोणी जनपदांत येऊं नये व जनपदाबाहेर जाऊं नये, असा तेथें दंडक घातलेला आहे. मुद्रेवांचून जाणाऱ्या देशवासीयास बारा पण दंड, आणि परक्या मुलखांतील माणसास त्याहून पुष्कळच भारी.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं समुद्रालाच वेस घातली. अरबी समुद्रांत फिरणाऱ्या जहाजानें त्यांचा ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना बाळगावा, न बाळगल्यास जहाज व माल जप्त होईल, असा त्यांचा हुकूम होता. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम हजच्या यात्रेस निघाली, तेव्हां तिलाहि ह्या कागदासाठीं सुरतेस खोळंबून राहावें लागलें. त्या परवान्यावर येशू व त्याची माता मरिअम ह्यांचीं चित्रें असत. म्हणून तो जवळ बाळगणें धर्माला धरून आहे कीं नाहीं, असा वाद दरबारच्या मौलवींत माजला होता. पुढें कान्होजी आंग्रे ह्यांनीं कोंकणपट्टीवर तीच विद्या परकीयांवर उलटविली. आंग्र्यांचें दस्तक घेतल्यावांचून जाणाऱ्या जहाजाची गांठ मराठ्यांच्या आरमाराशीं पडे. इंग्रज कंपनीस हें मानवलें नाहीं आणि त्यावरून उभयतांत वर्षानुवर्षें झगडे झाले.

ह्या जुन्या परवान्यांच्या मागें जुलूम असेल, परंतु लपवाछपवी नव्हती. पैका हवा, किंवा आमची सत्ता मान्य करा, असें त्यांत उघड सांगितलेलें असे. कायद्याच्या शब्दांत एक आणि मनांत दुसरें, हा प्रकार पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. आणि तो समजून घेण्यासाठीं आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील नाताळ ह्या ब्रिटिश वसाहतीकडे वळावें लागतें.

नाताळमध्यें उंसाचे मळे होते, पण मळ्यांत राबावयास माणसें नव्हतीं. म्हणून १८६० सालापासून हिंदुस्थानांतून करारबंद मजूर नेण्यास आरंभ झाला. त्यांच्या पाठोपाठ स्वतःच्या खर्चानें व्यापारी गेले. कराराची मुदत संपलेल्या मजुरांनीं भाजीपाला पिकविला, दुकानें थाटलीं. मजूर म्हणून जो माणूस हवाहवासा होता, तोच शेजारी व प्रतिस्पर्धी होतांच गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत सलूं लागला. त्याला दाराबाहेर ठेवावें असें त्यांच्या मनांत आलें. परंतु एक अडचण होती. १८५८ सालच्या जाहीरनाम्यांत राणी व्हिक्टोरियानें हिंदी प्रजेस इतर प्रजाजनांप्रमाणेंच वागविण्याचें वचन दिलेलें होतें. ‘हिंदी लोकांस मज्जाव’ असें कायद्यांत लिहिलें असतें, तर लंडनच्या सरकारास त्यावर उघडपणें मोहर उठविणें अवघड गेलें असतें.

ह्याच सुमारास मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें होतें. ‘कूरलँड’ व ‘नादेरी’ ह्या दोन आगबोटी सुमारें आठशें उतारू घेऊन १८९६ च्या डिसेंबरांत डर्बनच्या बंदरास लागल्या. त्यांत मोहनदास करमचंद गांधी हे सहकुटुंब होते. प्लेगाचें निमित्त सांगून उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ बोटींवरच अडकवून ठेवण्यांत आलें. संसर्गाची भीति खरी असेल, परंतु धक्क्यावर ज्या सभा भरत होत्या, त्यांत रोगापेक्षां रंगाचीच चर्चा अधिक होती. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजीं उतारू उतरले आणि त्या दिवशीं गांधींवर जमावानें हल्ला केला. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर ह्यांच्या पत्नीनें आपली छत्री उघडून त्यांस आडोसा दिला, म्हणूनच ते बचावले.

त्याच वर्षीं नाताळच्या कायदेमंडळानें प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. त्यांत हिंदी माणसाचें नांव कोठेंहि नाहीं. अधिकाऱ्यानें सांगितल्यास येणाऱ्यानें युरोपांतील कोणत्या तरी भाषेच्या लिपींत स्वतःच्या हातानें अर्ज लिहून सही करावी, एवढीच अट. वाचणाऱ्यास ती निरुपद्रवी वाटावी. साक्षर माणसें यावींत, ह्यांत गैर तें काय? परंतु गुजराथी, तमिळ किंवा मराठी उत्तम लिहिणारा माणूस ह्या कायद्यानें निरक्षर ठरला. शिवाय कोणाला लिहावयास सांगावयाचें, हें सर्वस्वीं अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतें. त्याच वर्षीं राणीच्या हीरक महोत्सवासाठीं वसाहतींचे मुख्य प्रधान लंडनला जमले, तेव्हां वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन ह्यांनीं, वंशाचा किंवा रंगाचा उल्लेख टाळणारी ही नाताळची युक्ति त्यांच्यापुढें नमुना म्हणून ठेवली.

ऑस्ट्रेलियानें ती उचलली आणि पूर्णत्वास नेली. १९०१ च्या कायद्याप्रमाणें अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगे व उतारूनें तो लिहून घ्यावयाचा. उतारा कोणत्या युरोपीय भाषेंत सांगावयाचा, हें उतारूनें ठरवावयाचें नसे. अधिकाऱ्यानें ठरवावयाचें असे. शाळेंत शुद्धलेखन घालणाऱ्या मास्तरांस सर्व मुलें पास व्हावींत अशी इच्छा असते. ह्या परीक्षेचा हेतु नेमका उलट होता. आंकडेच बोलके आहेत. १९०२-०३ मध्यें ती ८०५ वेळां घेण्यांत आली व ४६ जण उत्तीर्ण झाले. १९०४ ते १९०९ ह्या काळांत ५५४ वेळां घेण्यांत आली व अवघे सहा उत्तीर्ण झाले. त्यानंतर एकहि माणूस उत्तीर्ण झाला नाहीं.

अशा हत्याराची संवय लागली म्हणजे तें कोणावरहि चालतें. १९३४ सालीं एगॉन किश नांवाचा प्रागचा पत्रकार युद्धविरोधी परिषदेसाठीं ऑस्ट्रेलियास आला. तो गोरा होता व त्याला अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या. परंतु त्याचीं राजकीय मतें सरकारास नको होतीं. उतरूं देत नाहींत असें पाहून त्यानें मेलबोर्न येथें बोटीवरून धक्क्यावर उडी घेतली व पाय मोडून घेतला. पुढें सिडनीस त्याची परीक्षा घेतली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील गेलिक भाषेंत! किश नापास झाला. पण ही भाषा कायद्याच्या अर्थानें युरोपीय भाषा म्हणतां येत नाहीं, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें दिला आणि सरकारचें हंसें झालें. तरीहि ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यांत राहिली.

कॅनडानें भाषेऐवजीं प्रवासाचा मार्ग हें साधन निवडलें. १९०८ च्या हुकुमान्वयें, येणारा माणूस आपल्या जन्मदेशांतून किंवा ज्या देशाचा तो नागरिक त्या देशांतून, मध्यें खंड न पाडतां, तेथेंच काढलेल्या तिकिटावर आला पाहिजे, असें ठरलें. शिवाय हिंदी माणसाजवळ दोनशें डॉलर असावे लागत. आतां, हिंदुस्थानांतून कॅनडास सरळ जाणारी आगबोट त्या काळीं नव्हती! दार उघडें आहे म्हणावयाचें आणि दारापर्यंतची वाट तेवढी काढून घ्यावयाची, असा हा प्रकार होता.

ह्या हुकुमाची परीक्षा १९१४ सालीं झाली. सरदार गुरदित सिंग ह्यांनीं हाँगकाँग येथें ‘कोमागाता मारू’ ही जपानी आगबोट भाड्यानें घेतली. तिच्यावर ३७६ उतारू होते. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू. कित्येकांनीं इंग्रजांच्या सैन्यांत चाकरी केलेली होती. २३ मे रोजीं बोट व्हँकूव्हर बंदरांत पोंचली. किनारा डोळ्यांसमोर, परंतु पाय ठेवण्यास बंदी. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरील हिंदी बांधवांनीं वर्गणी जमवून न्यायालयांत दाद मागितली. निकाल विरुद्ध गेला. शेवटीं लढाऊ जहाज आणून बोटीस धाक घालण्यांत आला आणि पूर्वींचे रहिवासी व इतर मिळून चोवीस जणांस उतरूं देऊन, ३५२ जणांसह ती २३ जुलैस परत फिरली. २९ सप्टेंबर रोजीं कलकत्त्याजवळ बजबज येथें उतारूंना जबरदस्तीनें पंजाबच्या गाडींत बसविण्याचा प्रयत्न झाला. त्यांनीं विरोध केला, गोळीबार झाला आणि वीसच्या आसपास उतारू प्राणांस मुकले. परक्या देशानें नाकारलेल्या माणसांस स्वदेशांतहि सुखानें प्रवेश मिळाला नाहीं.

तोंवर महायुद्ध सुरू झालें होतें. त्यापूर्वींच्या काळांत रशिया, तुर्कस्तान ह्यांसारखीं राज्यें वगळलीं, तर युरोपांत पासपोर्टावांचून बहुतेक सर्वत्र फिरतां येई. युद्धानें तें संपविलें. हेर, फितूर, पळालेले सैनिक ह्यांच्या धास्तीनें प्रत्येक राष्ट्रानें आपल्या सीमेवर कागद मागण्यास सुरुवात केली. हिंदुस्थानांत १९१७ सालीं युद्धकालीन नियमांनीं पासपोर्ट सक्तीचा झाला. हिंदी मजुरांना पासपोर्ट लावावा, ही सूचना कॅनडाच्या प्रकरणांत पूर्वींच पुढें आलेली होती. परंतु एकाच समाजास लावलेला निर्बंध डोळ्यांवर येईल म्हणून ती बाजूस पडली होती. आतां सर्वांनाच कागद सक्तीचा झाल्यामुळें तो प्रश्नच उरला नाहीं. १९२० सालीं ह्या व्यवस्थेला कायमच्या कायद्याचें रूप मिळालें.

युद्ध संपलें म्हणजे हा जाच जाईल, अशी अनेकांची समजूत होती. राष्ट्रसंघाच्या विद्यमानें १९२० सालीं पॅरिस येथें परिषद भरली. तिनें पासपोर्टास सर्वत्र एकसारखें पुस्तकाचें रूप देण्याची शिफारस केली. १९२६ सालीं जिनीव्हा येथें पुन्हा विचार झाला, तेव्हां पासपोर्ट रद्द करणें शक्य नाहीं असें ठरलें. ज्यांस कोणतेंच राष्ट्र आपलें म्हणत नव्हतें, अशा रशियन निर्वासितांसाठीं फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांच्या प्रयत्नानें १९२२ पासून एक वेगळा दाखला निघूं लागला. माणसाला देश नसेल, तर निदान कागद तरी हवा, अशी वेळ आली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ सालीं, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत प्रत्येकास कोणताहि देश सोडण्याचा व स्वदेशीं परतण्याचा हक्क आहे, असें नमूद झालें. दुसऱ्याच्या देशांत शिरण्याचा हक्क मात्र त्यांत नाहीं. बाहेर पडणें हा हक्क, आंत जाणें ही मेहेरबानी, हा भेद आजतागायत कायम आहे. भारतांत ह्या हक्काला आधार न्यायालयांनीं दिला. परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं सतवंत सिंग साहनी ह्यांच्या खटल्यांत दिला व त्याच वर्षीं पासपोर्टाचा नवा कायदा झाला. १९७७ सालीं मनेका गांधी ह्यांचा पासपोर्ट ‘जनहितासाठीं’ जप्त करण्यांत आला आणि कारण सांगण्याचें नाकारण्यांत आलें. त्यावर १९७८ सालीं न्यायालयानें बजाविलें कीं, कायद्यानें ठरविलेली रीत ही न्याय्य व वाजवी असली पाहिजे. ती लहरी असून चालणार नाहीं.

कोमागाता मारूबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली, ती १८ मे २०१६ रोजीं. तेव्हां त्या घटनेस एकशेंदोन वर्षें झालेलीं होतीं. परतविलेल्या उतारूंपैकीं ती ऐकावयास कोण उरलें असणार? भारतांतील १९२० चा तो कायदाहि २०२५ सालीं नवा कायदा येऊन मागें पडला.

प्रत्येक राष्ट्रास आपल्या दाराशीं पहारा ठेवण्याचा अधिकार आहे. तो कोणीहि समंजस माणूस नाकारणार नाहीं. परंतु पहाऱ्याचा नियम चांगला कीं वाईट, हें त्याच्या शब्दांवरून कळत नाहीं. नाताळच्या कायद्यांत रंगाचें नांव नव्हतें, ऑस्ट्रेलियाच्या परीक्षेंत वंशाचें नांव नव्हतें, कॅनडाच्या हुकुमांत शिखांचें नांव नव्हतें. तो नियम कोणाला परत पाठवितो, कारण सांगतो कीं नाहीं, आणि परत पाठविलेल्या माणसास दाद मागण्यास कांहीं जागा उरते कीं नाहीं, ह्या तीन प्रश्नांवरूनच त्याची पारख होते. दुसऱ्याच्या दाराशीं उभें राहतांना हे प्रश्न आपोआप सुचतात. आपल्या दाराशीं कोणी येऊन उभा राहिला, म्हणजे तेच प्रश्न आठवणें तितकेंच अगत्याचें आहे.