रुपेरी किनारीचे पत्ते : एका पत्तेखेळातील विनोद आणि नियम

कोणत्याही खेळात दोन प्रकारचे नियम नांदत असतात. एक, पुस्तकात छापलेले; आणि दुसरे, डावाला बसलेल्या माणसांनी न बोलता मान्य केलेले. समोरच्याची नजर वळली असता पान सरकवू नये, पत्ता फाडू नये, हरत आलेला डाव उधळू नये, हे कोणी लिहून ठेवीत नाही. तरी त्यावाचून खेळ चालत नाही. पहिल्या प्रकारच्या नियमांचा इतिहास लिहिणे सोपे असते, कारण त्यांची पुस्तके उपलब्ध असतात. दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा लेखी पुरावा सहसा मागे उरत नाही. 'मॅजिक : द गॅदरिंग' या अमेरिकन पत्तेखेळात १९९८ पासून निघालेले विनोदी पत्ते हा या बाबतीत एक लक्षणीय अपवाद होय. हे पत्ते केवळ करमणुकीसाठी छापले गेले. परंतु खेळाचे अलिखित संकेत मोडण्यातच त्यांचा विनोद असल्याने, ते संकेत कोणते होते याची नोंद त्यांच्यात आपोआप झाली.

या खेळाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी तो रचला व 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या संस्थेने ऑगस्ट १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. दोन खेळाडू हे दोन मांत्रिक आहेत अशी कल्पना असून, प्रत्येकाजवळ वीस प्राणांक असतात. भूमीच्या पत्त्यांतून 'माना' नावाची शक्ती मिळते आणि ती खर्चून प्राणी, मंत्र व यंत्रे यांचे पत्ते खेळता येतात. आपल्याकडील नेहमीच्या बावन्न पानांच्या जोडाहून हा खेळ एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. येथे दोघांचा मिळून एक जोड नसतो. शेकडो निरनिराळ्या पत्त्यांतून निवड करून प्रत्येक खेळाडू आपला जोड स्वतः बांधतो. पहिल्या मुद्रणातच २९५ पत्ते होते आणि पुढे नवनवे संच निघत गेले.

या रचनेचे मूलतत्त्व असे की, सर्वसाधारण नियम आणि पत्त्यावरील मजकूर यांत विरोध आल्यास पत्त्यावरील मजकूरच प्रमाण मानावयाचा. म्हणजे प्रत्येक नवा पत्ता हा नियमग्रंथाला जोडलेला एक लहानसा अपवाद असतो. ज्या खेळात अपवाद हाच खेळाचा प्राण आहे, तेथे आज ना उद्या कोणीतरी 'अपवाद किती दूरवर जाऊ शकेल?' असा प्रश्न विचारणार, हे उघड होते. विनोदी पत्त्यांचे बीज या प्रश्नात आहे.

आरंभीच्या काळात विनोद आणि गांभीर्य यांची फारकत झालेली नव्हती. १९९३ च्या पहिल्या संचात 'केऑस ऑर्ब' नावाचा पत्ता आहे. तो किमान एक फूट उंचीवरून पटावर टाकावयाचा. हवेत त्याने निदान एक पूर्ण कोलांटी घेतली, तर तो ज्या ज्या पत्त्यांना स्पर्श करील ते सर्व नष्ट. येथे निर्णय बुद्धीचा नसून हाताच्या कसबाचा आहे. साहजिकच प्रतिस्पर्धी आपले पत्ते टेबलभर दूरदूर पसरून ठेवू लागले. त्याच वर्षी डिसेंबरात निघालेल्या 'अरेबियन नाइट्स' या संचातील 'शहराजाद' हा पत्ता कथेत कथा गुंफणाऱ्या त्या सुप्रसिद्ध निवेदिकेला शोभेल असाच आहे. तो खेळला की चालू डाव थांबवून उरलेल्या पत्त्यांनिशी दुसरा डाव मांडावयाचा, आणि त्यात हरणाऱ्याने मूळ डावातील आपले निम्मे प्राणांक गमवावयाचे. हे दोन्ही पत्ते त्या काळी गंभीरपणेच छापलेले होते. चार मित्र बसून खेळत असता त्यांत वावगे काही वाटत नसे.

स्पर्धा सुरू झाल्या आणि ही स्थिती पालटली. १९९४ मध्ये स्पर्धांत निषिद्ध व मर्यादित पत्त्यांची यादी अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी पहिले जागतिक अजिंक्यपद झाले. अनोळखी माणसे बक्षिसासाठी समोरासमोर बसू लागली की, मैत्रीतील समजूत पुरेशी होत नाही. पंच लागतो, आणि पंचाला निःसंदिग्ध शब्द लागतात. पत्ता नेमका कोठे पडला, डावातल्या डावाला किती वेळ द्यावा, असल्या प्रश्नांची उत्तरे स्पर्धेच्या चौकटीत बसत नव्हती. 'केऑस ऑर्ब' स्पर्धांतून बाद झाला. 'शहराजाद' २००७ मध्ये बाद झाला. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर सर्व नियमांची नव्याने, जवळजवळ कायदेग्रंथासारखी मांडणी झाली. सारांश, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस खेळाने शिस्त कमावली. तिच्या मोबदल्यात आरंभीचा काही मोकळेपणा त्याला सोडावा लागला.

नेमक्या याच संधिकाळात, ऑगस्ट १९९८ मध्ये, 'अनग्लूड' हा पहिला विनोदी संच निघाला. स्पर्धांत चालणार नाहीत असे पत्ते मुद्दाम काढावे, ही त्यामागील कल्पना; आणि रचनेचा मुख्य भार मार्क रोझवॉटर यांच्याकडे होता. संचात ८८ पत्ते व सहा चिन्हपत्रे होती. तोवर मॅजिकच्या पत्त्यांना काळी किंवा पांढरी किनार असे. या संचाला रुपेरी किनार देण्यात आली. ही किनार म्हणजे एक सरहद्दच होती. तिच्या आत हसण्याला मुभा होती आणि स्पर्धेत तिला प्रवेश नव्हता. या मालिकेतील सर्व नावांना जोडलेला 'अन' हा इंग्रजी उपसर्ग संस्कृत-मराठीतील नकारार्थी 'अ', 'अन्' यांचाच सगोत्र आहे, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. नकारातून उभी राहिलेली ही मालिका होती.

या पत्त्यांतील विनोदाचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग खेळाडूच्या देहाशी आणि डावाबाहेरील व्यवहाराशी संबंधित आहे. 'चार्म स्कूल' हा पत्ता खेळाडूने डोक्यावर तोलून धरावयाचा. पडला की संरक्षण संपले. 'अश्नॉड्स कूपन' खेळला की समोरच्याने उठून खेळणाऱ्यासाठी पेय आणावयाचे. खेळाडू हा केवळ पत्ते हलविणारा हात नव्हे, त्याला डोके, तहान आणि शेजार आहे, याची ही आठवण होती.

दुसरा वर्ग पत्त्याच्या कागदीपणाशी खेळतो. 'ब्लॅक लोटस' हा १९९३ चा पत्ता या खेळात अत्यंत मौल्यवान गणला जातो. त्याची नक्कल करणारा 'ब्लॅकर लोटस' वापरावयाचा तर तो प्रत्यक्ष फाडावा लागतो. 'केऑस ऑर्ब' फाडून त्याचे तुकडे उधळल्याची एक दंतकथा खेळाडूंत प्रचलित होती. 'केऑस कॉन्फेटी' या पत्त्याने त्या दंतकथेला नियमाचे रूप दिले : पत्ता फाडा, किमान पाच फुटांवरून तुकडे फेका, आणि तुकडे ज्यांना लागतील ते पत्ते नष्ट करा. पत्ता ही संग्रहात जपावयाची मालमत्ता की खेळण्याचे साधन, या वादाला याहून नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तिसरा वर्ग सत्तेच्या थट्टेचा. त्या काळी स्पर्धांचे नियमन करणाऱ्या 'डीसीआय' या मंडळावर एक पत्ता आहे. तो खेळणारा स्वतःच मंडळ होऊन कोणताही एक पत्ता त्या सामन्यापुरता निषिद्ध ठरवू शकतो, फक्त मूलभूत भूमीला त्याचा हात पोचत नाही. त्यावरील ओबडधोबड चित्र खुद्द रोझवॉटर यांनीच काढलेले आहे. याहूनही बोचरा पत्ता 'इन्फर्नल स्पॉन ऑफ ईव्हिल' हा होय. अमेरिकेत पालकांच्या मनात सैतानपूजेविषयी भीती होती. तिला अनुसरून १९९५ च्या सुमारास 'डीमन', म्हणजे राक्षस, हा शब्द नव्या पत्त्यांवरून हद्दपार झाला. या विनोदी पत्त्यावर तो शब्द छापून, खोडून, त्याच्या जागी 'बीस्ट', म्हणजे पशू, असा शब्द घातलेला आहे. संस्थेने स्वतःवरच घातलेल्या बंधनाची कबुली गंभीर पत्त्यावर देता आली नसती. थट्टेच्या पत्त्यावर ती छापली गेली. राक्षस नियमित संचात परतले ते २००२ मध्ये.

संस्कृत नाटकातील विदूषकाची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. राजा संस्कृत बोलतो, विदूषक प्राकृत; आणि भाषेच्या या भेदामुळेच राजाला कोणी न सांगावयाची गोष्ट तो सांगू शकतो. रुपेरी किनार ही या पत्त्यांची प्राकृत होती.

विनोदाचा उपयोग मात्र एवढ्यावर संपला नाही. 'अनग्लूड' नंतर दुसऱ्या विनोदी संचाची रचना झाली, पण तो छापला गेला नाही. त्याच्यासाठी सुचलेली एक कल्पना, एकाच पत्त्यावर दोन लहान पत्ते छापण्याची, २००० साली 'इन्व्हेजन' या नियमित संचात आली आणि खेळाडूंनी ती उचलून धरली. नोव्हेंबर २००४ मध्ये 'अनहिंज्ड' निघाला, तेव्हा त्यात या नव्या पद्धतीचीच थट्टा करणारा, एकावर पाच पत्ते कोंबलेला, पत्ता होता. थट्टेतून नियम आणि नियमातून पुन्हा थट्टा, असे हे चक्र आहे. 'अनग्लूड' मधील एक अजस्र राक्षस दोन पत्त्यांवर मिळून छापला होता. ते शेजारी ठेवल्यावाचून तो पुरा होत नसे. २०१६ च्या 'एल्ड्रिच मून' संचातील, दोन पत्ते पालथे जोडून एक मोठा प्राणी घडविण्याची पद्धत त्याचीच वंशज होय. पूर्ण चित्राच्या भूमी १९९८ मध्ये थट्टेच्या संचात आल्या, नियमित संचात २००९ मध्ये. चिन्हपत्रे नियमित पाकिटांत २००७ पासून मिळू लागली. फासे टाकणे तर दीर्घकाळ केवळ रुपेरी किनारीचे लक्षण मानले जाई. २०२१ मध्ये तेही नियमित संचात शिरले.

डिसेंबर २०१७ मध्ये, तेरा वर्षांच्या खंडानंतर, २१६ पत्त्यांचा 'अनस्टेबल' प्रसिद्ध झाला. 'कमांडर' या अनेकांनी मिळून खेळावयाच्या प्रकारात तेथील नियम समितीने रुपेरी पत्त्यांना १५ जानेवारी २०१८ पर्यंत तात्पुरती अनुज्ञा दिली. सुट्टीपुरते द्वार उघडले आणि पुन्हा बंद झाले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये 'अनसँक्शन्ड' निघाला.

खरा पालट ऑक्टोबर २०२२ मधील 'अनफिनिटी' या संचाने झाला. त्यात रुपेरी किनार काढून टाकण्यात आली. जे पत्ते नियमांत बसू शकत नाहीत, त्यांवर ओकवृक्षाच्या फळाचे लहानसे चिन्ह उमटविण्यात आले. उरलेले पत्ते काही स्पर्धाप्रकारांत नियमित ठरले. विनोदी पत्त्यांना नागरिकत्व मिळाले, असे वरकरणी वाटावे. परंतु त्यांतील चिकटपट्ट्या व 'अ‍ॅट्रॅक्शन' यांच्या पत्त्यांमुळे स्पर्धांत वेगळे साहित्य बाळगणे आणि ते सांभाळणे हे प्रश्न उभे राहिले. 'स्टिकर' आणि 'अ‍ॅट्रॅक्शन' आणणारे पत्ते मे २०२४ मध्ये 'लेगसी', 'व्हिंटेज' व 'पॉपर' या प्रकारांतून बाद करण्यात आले. १९९३ च्या 'केऑस ऑर्ब' वर आलेली आपत्ती तीस वर्षांनी त्याच्या वारसांवर आली.

या पुनरावृत्तीतून निघणारा निष्कर्ष केवळ एका खेळापुरता नाही. स्पर्धेला असे नियम हवे असतात की, समोर कोण बसले आहे याने काही फरक पडू नये. मित्रांच्या बैठकीत मात्र समोर कोण आहे, यालाच सारे महत्त्व असते. 'अनहिंज्ड' मधील 'चीटीफेस' हा पत्ता प्रतिस्पर्ध्याची नजर चुकवून पटावर सरकवावयाचा असतो; लगेच पकडले गेल्यास तो गमवावा लागतो. अनोळखी माणसाशी बक्षिसासाठी खेळताना ही लबाडी ठरेल. ओळखीच्या माणसाशी खेळताना ती लबाडी राहत नाही, कारण पकडले जाण्यात आणि पकडण्यात दोघांनाही आनंद आहे. रुपेरी किनार ही या दोन व्यवहारांतील भेद उघडपणे सांगत होती. ती विनोदाला कमी लेखण्यासाठी ओढलेली रेषा आहे, असे पुष्कळांना वाटले. २०२४ नंतर मागे वळून पाहता, तिच्यामागे विनोदाला एक सुरक्षित आसराही मिळत होता, असे म्हणावे लागते.